संस्थांची रविवारची ओपीडी

आधी माझं पाप सांगून टाकते, म्हणजे पुढे बोलायला बरं. २०१९ ला मी एका वृद्धाश्रमाला फुकटात वेबसाइट करून दिली होती. अकरा पानांची! वर फिरणारे फोटो, आमचं ध्येय, आमचं कार्य, गॅलरी, विश्वस्त मंडळ, सगळं साग्रसंगीत. उद्घाटनाला पेढे वाटले, मला शाल-श्रीफळ मिळालं आणि त्यानंतर त्या साइटला कुणी हात लावला नाही, मीही नाही. 'ताज्या बातम्या'वर क्लिक केलं की आजही 'लवकरच येत आहे' असं येतं. दोनेक वर्षांनी मी काही कामाने तिकडे गेले तर तिथल्या ताई म्हणाल्या, साइट छानच आहे हो, पण लोकांना आम्ही सापडत नाही, मॅप बघत येतात आणि शेजारच्या मंगल कार्यालयात जाऊन उभे राहतात. म्हणजे ऐन लग्नसराईत कुणीतरी बिचारा तांदळाचा कट्टा खांद्यावर घेऊन वऱ्हाडात घुसलेला. त्यांना अकरा पानं नकोच होती, मॅपवर एक पिन नीट लावून हवी होती, पाऊण तासाचं काम. मी विचारलंच नव्हतं ना.

माझं पोटापाण्याचं काम म्हणजे जाहिराती लिहिणं. आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवरचे 'निसर्गाच्या कुशीत' टू-बीएचके, ते सगळं आमच्यासारख्यांनी लिहिलेलं असतं, माफ करा. त्यामुळे फेसबुक, गूगल, व्हॉट्सॲप दिवसभर हाताखाली असतं आणि ओळखीतल्या संस्था 'जरा बघून द्या ना' म्हणत यायच्याच. मॅपच्या त्या प्रकरणानंतर मी आणि दोन मैत्रिणींनी ठरवलं की करून द्यायचं नाही, शेजारी बसायचं आणि त्यांच्याच हातून करून घ्यायचं. एकीच्या दिरांचा कॉलेज रोडला क्लास आहे, महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी तो रिकामा असतो. वायफाय त्यांचा, चहा टपरीवरून, वडे ज्याला आठवतील त्याने आणायचे.

कल्पना काही आमच्या डोक्यातली नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅमला निक बूथ नावाच्या माणसाने २००८ मध्ये 'सोशल मीडिया सर्जरी' चालू केल्या होत्या, तिथून उचलली. तिकडे सर्जरी म्हणजे डॉक्टरचा दवाखाना, खासदार मतदारांना भेटतो त्यालाही सर्जरीच म्हणतात. पद्धत साधी: भाषण नाही, स्लाइडा नाहीत, संस्थेचा एक माणूस आणि थोडंफार येणारा एक माणूस बाजूबाजूला बसणार, आत्ता काय अडलंय ते विचारायचं आणि तेवढंच सोडवायचं. आम्ही हेच नाव सांगायला गेलो तर पहिल्याच काकांनी विचारलं, कसली सर्जरी, मोतीबिंदूची का? मग ओपीडी म्हणायला लागलो. केसपेपरसुद्धा आहे, शंभर पानी वही, तीन रकाने. काय दुखतंय, कधीपासून, आणि आधी कुणाला दाखवलंत.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कारण प्रत्येक संस्थेला एक भाचा असतो. कुणाचा तरी भाचा, पुतण्या, नाहीतर इंजिनीअरिंगचा एक हुशार मुलगा, तो येतो, एका रात्रीत पेज काढतो, डोमेन म्हणजे साइटचा पत्ता घेतो, स्वतःच्या जीमेलवर सगळं करतो आणि मग हिंजवडीला नोकरी लागून निघून जातो. मुलगा चांगलाच असतो हो, वाईट कुणीच नसतं या गोष्टीत, पण पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. परवा एका महिला मंडळाच्या बायका आल्या, त्यांच्या संस्थेच्या नावाची साइट उघडली तर चक्क रमीची जाहिरात. डोमेन संपल्याचे ईमेल भाच्याच्या कॉलेजच्या जुन्या आयडीवर जात होते, तो आयडीच बंद झालेला. मुदत संपल्यावर काही दिवस परत घ्यायची संधी असते, तीही गेली आणि तिसऱ्याच कुणीतरी ते नाव उचललं. अध्यक्षबाईंनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, अगं बाई, आणि हे आपण लेटरहेडवर छापलंय.

म्हणून आता कुणीही आलं, काहीही दुखत असलं, तरी पहिली दहा मिनिटं तेच. संस्थेच्या नावाने एक ईमेल, त्याला दोन विश्वस्तांचे मोबाइल जोडलेले, डोमेन त्याच ईमेलवर, फेसबुक पेजला निदान दोन ॲडमिन आणि पासवर्ड इतिवृत्ताच्या वहीत नाही तर बंद पाकिटात, कपाटात. लोक हसतात. पण चेक सहीला दोन माणसं लागतात हे ज्यांना पटतं त्यांना हेही पटतं, फक्त कुणी तसं सांगितलेलं नसतं.

आता ते मोतीबिंदूवाले काका. वय ६८, संस्थेचे सेक्रेटरी, पांढरा सदरा, कापडी पिशवीत चार फायली आणि राखीचा दोरा बांधलेला पेनड्राइव्ह. तक्रार अशी की अहवाल फेसबुकवर टाकला की फेसबुक त्याचा चिवडा करतं. बघितलं तर खरंच चिवडा, टिंबं, रेघा, कुठल्या कुठल्या युरोपातली अक्षरं. काका रागावलेले, यांना मराठी येत नाही तर घेतात कशाला? आता यात फेसबुकचा दोष नव्हता. अहवाल पंचवीस वर्षं शालीमारच्या एकाच डीटीपीवाल्याकडे होतो आणि तो श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतो. त्या फॉन्टमध्ये आत साठवलेली असतात रोमन आणि तसलीच अक्षरं, वरून फक्त मराठीचा मुखवटा चढवलेला. छापायला फर्स्टक्लास, पण मजकूर उचलून दुसरीकडे नेला की मुखवटा गळतो आणि आतलं दिसायला लागतं. युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-कॉम्प्युटर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, 'क' हा कुठेही 'क'च राहतो. हे मी काकांना समजावलं तर म्हणाले, म्हणजे आमचे पंचवीस वर्षांचे अहवाल गूगलला वाचताच येत नाहीत? नाही येत, काका. ते जरा वेळ गप्पच बसले. महाराष्ट्रातल्या किती संस्थांचं काम असं पेनड्राइव्हमध्ये बंद पडलंय याचा हिशोब कुणी करत असेल असं मला वाटत नाही. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर असतात, पण जोडाक्षरं आणि रफार घोटाळा करतात, मग कुणीतरी ओळन्‌ओळ वाचायला लागतं.

ते कुणीतरी आम्हाला कसं मिळालं ते ऐका. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले एक गृहस्थ एकदा स्वतःच्या भजनी मंडळाच्या यूट्यूब चॅनलसाठी आले होते. चॅनल काढून झालं, तर हे शेजारच्या टेबलावरचा कन्व्हर्ट झालेला अहवाल वाचत बसले आणि पहिल्या पानावर सतरा चुका काढल्या. म्हणाले, आयुष्यभर नोटेवरची रेघ सरकली का बघितलंय, हे काय घेऊन बसलात! १९२८ पासून नोटा छापणाऱ्या गावात प्रूफरीडर शोधत आम्ही सोशल मीडियावर पोस्टी टाकत होतो, म्हणजे कमालच.

आणि सेक्रेटरी काकांना आम्ही फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाखवला, बोला, आपोआप टाइप होतं. काकांनी घसा साफ केला, ताठ बसले आणि 'आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर' पासून सुरुवात केली. वाक्य संपलं की 'पूर्णविराम' असं मोठ्याने म्हणायचे आणि फोन इमानदारीत 'पूर्णविराम' असं लिहायचा. पहिली पोस्ट तशीच गेली, चार पूर्णविरामांसकट. ६३ लाइक आले, त्यांच्या पेजचा उच्चांक.

कोर्स का नाही घेत असं लोक विचारतात, एकदम पन्नास संस्था बोलवा, हॉल घ्या, तज्ज्ञ आणा. अहो झालेत की असे कार्यक्रम, मी स्वतः दोनदा तज्ज्ञ म्हणून बोलून आलेय. सत्तर स्लाइडा, जेवण चांगलं, सर्टिफिकेट. दुसऱ्या दिवशी त्यातलं एकही काम कुणी करत नाही कारण प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं आणि ते स्लाइडवर नसतं. वेळ माझाही गेला आणि त्यांचाही. बरं, नाशिकला टेक्नॉलॉजीचा उत्साह कमी आहे असंही नाही, २०१५ च्या कुंभमेळ्याआधी एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, मूळ नाशिकचेच, त्यांच्या पुढाकाराने कुंभाथॉन झालं होतं, म्हणजे कुंभमेळ्याच्या अडचणींवर एकत्र बसून तोडगे शोधायचे, पोरांनी गर्दी मोजण्यापासून साथीचे आजार ओळखण्यापर्यंत काय काय करून बघितलं. आता २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत पुन्हा तीच हवा आहे. मला त्याचं कौतुकच आहे. फक्त ॲप बनवायला माणूस मिळतो आणि व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज खूप जणांना सुटा सुटा पाठवायची सोय, का पोचत नाही ते बघायला मिळत नाही, एवढंच म्हणते.

हो, ते ब्रॉडकास्टचं. एका रक्तदानवाल्या ग्रुपची तक्रार होती की लोकांना समाजकार्यात रसच उरला नाही, २४० जणांना मेसेज पाठवतो, पंधरा जण उत्तर देतात. लोकांना रस आहे की नाही ते सोडा, मेसेज पोचतच नव्हता. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो. आता रक्तदात्याने कशाला तुमचा नंबर सेव्ह केला असेल? उपाय काय केला तर शिबिरात बिस्किट-कॉफी देताना तिथेच म्हणायचं, दादा, हा नंबर सेव्ह करा आणि त्यावर एक 'हाय' टाका. कॉफी मिळेपर्यंत माणूस करतोच ते.

सुरगाण्याच्या पुढच्या एका संस्थेची गोष्ट मात्र मला अजून टोचते. बचत गटाच्या बायका नागलीचे पापड करतात, संस्थेची कार्यकर्ती मुलगी सकाळी एसटीने निघून सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मुख्य एसटी स्टँडला, उतरून यायची. तिला इन्स्टाग्राम पेज हवं होतं. आम्ही शहाणपणाने म्हटलं, इन्स्टा नंतर, आधी व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग कर, फुकट आहे, फोटो-वजन-किंमत तिथेच दिसते. तिने काढलेला फोटो काय सुरेख होता, खाटेवर जुनं लुगडं, त्यावर करड्या-तांबूस पापडांच्या ओळी आणि कडेला पाखरं हाकायला बसलेल्या आजीचा फक्त हात आणि काठी. आम्ही उत्साहात तो फोटो सगळीकडे फिरवला. चार दिवसांत इंदिरानगर, सिडको, गोविंदनगर मिळून वीस किलोची ऑर्डर. आणि होते सहा किलो, आषाढ लागलेला. सुरगाण्याच्या पावसात पापड वाळत नाहीत हे आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती मुलगी एकेकाला फोन करून माफी मागत बसली, रेंज मिळावी म्हणून छत्री घेऊन टेकडीवर जाऊन. तेव्हापासून वहीत चौथा रकाना आहे: यश आलं तर झेपेल का?

फोटोवरून आठवलं, आणि हे जरा गंभीर आहे. एका वसतिगृहाच्या ताई दोनशे फोटो घेऊन आल्या, मुलींचे चेहरे, खाली नाव, गाव आणि 'वडील व्यसनी, आईने सोडून दिलेली' अशी एकेक ओळ. देणगीदारांना चेहरा लागतो म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण तीच मुलगी उद्या कॉलेजात जाईल आणि कुणीतरी तिचं नाव गूगल करेल ना! शिवाय बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ आहे, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीही प्रसिद्ध करता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ताईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. पाटी-पेन्सिल-गणवेशाचे हिशोब चोख ठेवणारी बाई, तिचं तोंड उतरलं. मग दोघींनी बसून सगळे फोटो काढून टाकले, दीड तास गेला. नवीन फोटो तिने स्वतः शोधला, जेवणाच्या हॉलबाहेर काढलेल्या छत्तीस चपला, बहुतेक निळ्या, एका जोडीला हिरवा पट्टा शिवलेला. त्या फोटोला चेहऱ्यांपेक्षा जास्त फोन आले.

फुकट काय मिळतं हे विचारायलाही खूप जण येतात. मिळतं बरंच. कॅनव्हा नोंदणीकृत संस्थांना प्रो व्हर्जन फुकट देतं, ५० जणांपर्यंत, पोस्टर-पत्रकं करायला तेवढं पुष्कळ. गूगल फॉर नॉनप्रॉफिट्स ही गूगलची संस्थांसाठीची योजना आहे, कागदपत्रं दाखवून पडताळणी झाली की संस्थेच्या डोमेनवर ईमेल वगैरे. आणि त्यातच ते ॲड ग्रँट, महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या सर्च जाहिराती. हा आकडा ऐकला की विश्वस्तांचे डोळे चमकतात, रुपयांत किती हो? अहो पैसे हातात येत नाहीत. फक्त सर्चमधल्या मजकुराच्या जाहिराती, नीट वेबसाइट लागते, एका शब्दाचे कीवर्ड (लोकांनी जे शोधलं की जाहिरात दिसते ते शब्द) सहसा चालत नाहीत, आणि बघणाऱ्यांपैकी क्लिक करणारे सलग दोन महिने ५ टक्क्यांच्या खाली गेले तर अकाउंट बंद होऊ शकतं. हे माझं रोजचं काम आहे म्हणून सांगते, आठवड्याला दोन-तीन तास देणारं कुणी नसेल तर त्याच्या नादी लागू नका. समुपदेशनाची हेल्पलाइन असेल तर जरूर घ्या, लोक रात्री दोनला गूगलवर तेच शोधत असतात. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर विहीर बांधायला हे कशाला?

त्यापेक्षा पैशाची साधी गोष्ट आधी नीट करा. दर दुसरा केसपेपर क्यूआर कोडचा असतो, पोस्टरवर छापलेला क्यूआर खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा. विश्वासाचा माणूस आहे म्हणतात. असेलच, पण उद्या त्याला इन्कम टॅक्सची नोटीस आली तर तुम्ही जाणार का? बँक संस्थेच्या खात्याचा क्यूआर देते, मागा. आणि २०२१-२२ पासून ८०जीवाल्या, म्हणजे ज्यांच्या देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते अशा संस्थांना देणग्यांच्या तपशिलाचा १०बीडी फॉर्म भरायला लागला, ३१ मेपर्यंत, प्रत्येक देणगीदाराचं नाव-पत्ता-पॅन-रक्कम, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. एका संस्थेने त्यासाठी काय केलं, साठ जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगितलं की पॅन कार्डाचा फोटो टाका. टाकले लोकांनी! साठ जणांचे पॅन साठ जणांच्या फोनमध्ये. तो ग्रुप साफ करून एक गूगल फॉर्म, बघायची परवानगी फक्त दोघांना, एवढं करायला चहा थंड होईपर्यंतचा वेळ लागला.

माणसं कुठून आणता, हा प्रश्न मदत करू इच्छिणारे जास्त विचारतात. एनएसएसच्या, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, त्यातले थोडे तास झाडू आणि वृक्षारोपणातून सुटले तर आमच्याकडे येतात, प्रोग्राम ऑफिसर सर पटले की झालं. मुलांना रील पाच मिनिटांत जमतं, ऱ्हस्व-दीर्घ जमत नाही, म्हणून एक मुलगा आणि एक रिटायर्ड माणूस अशी जोडी लावतो. ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले, बँकवाले, शिक्षक, ही मंडळी रविवारी दुपारी मोकळी असतात आणि घरच्यांनाही ती बाहेर गेलेली हवी असतात. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून सीएसआरवाले, म्हणजे कंपनीचं समाजकार्य बघणारे, कधी फोन करतात, त्यांना बॅनर आणि टीशर्ट हवा असतो, आम्ही म्हणतो बॅनर नको, तुमच्या अकाउंट्सचा एक माणूस तीन रविवार द्या. एकदा मिळाला. सोन्यासारखा माणूस होता, एक्सेलमध्ये देणगीचं रजिस्टर लावून दिलं त्याने आणि नंतर त्याची चेन्नईला बदली झाली.

आणि एक नियम, मदतनीसाने माउस हातात घ्यायचा नाही. हे पाळणं फार अवघड आहे, समोरचा माणूस एका बोटाने 'स' शोधत असतो आणि आपला हात शिवशिवतो. मी हातांवर बसते, अक्षरशः.

महिला मंडळाच्या डोमेनचं काय झालं ते राहिलंच. जुनं नाव परत मिळालं नाही, विकायला ठेवलंय, किंमत ऐकून अध्यक्षबाईंनी नुसता हात जोडला. नवीन नाव घेतलं, शेवटी 'नाशिक' जोडून, पाच वर्षांचे पैसे एकदम भरून, संस्थेच्या ईमेलवर, दोघींचे मोबाइल जोडून. पण जुना पत्ता छापलेली दोन हजार पत्रकं कपाटात पडलेली, नवरात्रात वाटायची, टाकून कशी देणार! मग रविवार कारंजावरून पांढऱ्या स्टिकरच्या शीट आणल्या, त्यावर नवा पत्ता प्रिंट केला आणि मागच्या ओपीडीला पाच बायका, एनएसएसची दोन पोरं आणि मी रमीवाल्या पत्त्यावर स्टिकर चिकटवत बसलो होतो. माझी १४० झाली. अजून हजारभर आहेत, पुढच्या रविवारी कुणी मोकळं असेल तर या, आणि येताना नखं वाढवून या, माझी स्टिकर सोलून सोलून संपलीत.